पेट्रोलची जागा वीज घेईल काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याचा मान आपण आम्हांस दिलात, याबद्दल प्रथम मंडळाचे मनःपूर्वक आभार मानतो. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास यांसारख्या विषयांची सवय असलेल्या या व्यासपीठावर मोटारगाडीचा विषय काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. शिवाय आम्ही कलाशाखेचे पदवीधर, आणि आमचे उभे आयुष्य सरकारी कचेरीत फायलींच्या सहवासात गेलेले. यंत्रशास्त्रात अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु सरकारी नोकरीने एक सवय अंगी बाणवली आहे. कोणताही प्रस्ताव समोर आला की त्याची पूर्वपीठिका पाहावयाची, अनुकूल व प्रतिकूल बाजू मांडावयाच्या, खर्च कोणी सोसावयाचा आणि लाभ कोणास पोहोचावयाचा हे तपासावयाचे, आणि मगच शेरा लिहावयाचा. पेट्रोलच्या मोटारीची जागा विजेची मोटार कधी काळी घेऊ शकेल काय, या प्रश्नाची फाईल आज आम्ही आपल्यापुढे याच रीतीने उघडणार आहोत.

आपणा राजधानीकरांना हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. दिवाळी सरली की आपल्या ज्येष्ठ सभासदांना सकाळचे फिरणे बंद ठेवावे लागते. शाळांना सुट्ट्या द्याव्या लागतात. घराघरांत हवा गाळणारी यंत्रे घरघरू लागतात. या हवेचा दोष एकट्या मोटारीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. बांधकामाची धूळ, शेतात जाळले जाणारे पाचट, भट्ट्या, वीजकेंद्रे, कचऱ्याच्या शेकोट्या या सर्वांचा तीत वाटा आहे. तथापि मोटारीचा धूर नाकाच्या उंचीवर आणि वर्षाचे बारा महिने निघतो, आणि तो आपल्याच गाडीतून निघतो.

प्रथम पूर्वपीठिका. आपले मंडळ स्थापन झाले तो काळ तेलाच्या पहिल्या मोठ्या टंचाईच्या पाठोपाठचा. १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध झाले, अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले, आणि अवघ्या काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरांवरून बारा डॉलरांच्या आसपास पोहोचला. त्या धक्क्याने जागे होऊन अमेरिकेने १९७६ साली विजेवरील वाहनांच्या संशोधनासाठी कायदा केला. म्हणजे हा प्रश्न मंडळाच्या वयाचा तरी आहेच. वस्तुतः तो त्याहून पुष्कळच जुना आहे.

पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. पुढे चाळीस वर्षांनी, १८९९ मध्ये, कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ विजेची गाडी ताशी १०५ किलोमीटरांहून अधिक वेगाने पळवून दाखविली. ताशी शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडणारी रस्त्यावरची पहिली गाडी पेट्रोलची नव्हती, विजेची होती! १९०० साली अमेरिकेत सुमारे ४२०० मोटारगाड्या तयार झाल्या. त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक गाड्या वाफेच्या किंवा विजेच्या होत्या. पेट्रोलची गाडी त्या काळी आवाज करणारी, दुर्गंधी सोडणारी आणि दांडा फिरवून सुरू करावी लागणारी होती. तो दांडा उलटला तर मनगट मोडत असे. पेट्रोलच्या गाड्या घरोघर पोहोचविणारे हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः मात्र विजेची गाडी चालवीत, ही इतिहासाची एक गंमत आहे.

मग वीज मागे का पडली? कारणे तीन. टेक्सासमध्ये १९०१ साली तेलाचा प्रचंड साठा लागला आणि पेट्रोल स्वस्त झाले. १९०८ साली फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ आली आणि गाडीही स्वस्त झाली. आणि १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला; दांडा गेला. ज्या विजेने पेट्रोलच्या गाडीची सर्वांत मोठी अडचण दूर केली, तिनेच विजेच्या गाडीचा बाजार उठविला. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. एका यंत्राची जागा दुसरे यंत्र घेते ते केवळ त्याच्या गुणांमुळे नव्हे. इंधन कोठे मिळते, काय भावाने मिळते आणि वापरणाऱ्याची सोय कशात आहे, यावर निकाल लागतो. आजच्या प्रश्नाचा निकालही तसाच लागेल.

आता गुणदोषांकडे वळू. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा युनिटे ऊर्जा साठलेली असते. एक किलो वजनाच्या आजच्या चांगल्या बॅटरीत युनिटाचा पाचवा हिस्सा मावला तरी पुष्कळ. हा फरक ऐकून कोणीही हात टेकावेत. परंतु पेट्रोलच्या इंजिनात त्या ऊर्जेचा तीन चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. चाकापर्यंत जेमतेम पाव हिस्सा पोहोचतो. विजेची मोटर शंभरांतील पंचाऐंशी-नव्वद भाग चाकाला देते, आणि ब्रेक लावताना काही ऊर्जा परतही घेते. तरीही अंतर उरतेच, आणि ते शिशाच्या बॅटरीने भरून निघण्यासारखे नव्हते. १९९१ साली जपानमध्ये लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आली ती छायाचित्रणाच्या यंत्रासारख्या लहान उपकरणांसाठी. तिच्यामागे ज्यांचे संशोधन होते त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीची किंमत २०१० च्या सुमारास दर युनिट साठवणुकीमागे एक हजार डॉलरांच्या वर होती. २०२४ मध्ये ती सरासरी ११५ डॉलरांपर्यंत उतरली. विजेची मोटार आज शक्य झाली ती या एका घसरणीमुळे.

आपल्या देशातही प्रयत्न झाले. बंगळुरूची ‘रेवा’ ही इवलीशी गाडी २००१ साली रस्त्यावर आली आणि लंडनपर्यंत जाऊन पोहोचली. शिशाच्या बॅटरीच्या आणि महाग बाजाराच्या त्या काळात तिचा प्रसार व्हावा तसा झाला नाही. पण वाट तिने दाखविली.

येथे दोन्ही गाड्यांमधील खरा भेद सांगितला पाहिजे. पेट्रोलची गाडी ही खानावळीत जेवणारी. तिच्यासाठी घरी चूल लागत नाही. चौकातल्या पंपावर पाच मिनिटांत पोट भरले की आठवड्याची ददात मिटली. विजेची गाडी घरी जेवणारी. तिचे जेवण स्वस्त, पण सावकाशीचे. गोठ्यातील बैल रात्रभर दावणीला चारा खातो आणि सकाळी कामाला उभा राहतो, तसे हिचे आहे. घरातील पंधरा-सोळा अँपियरच्या साध्या जोडणीवर रात्रीच्या आठ तासांत सुमारे वीस युनिटे भरतात. त्यांवर लहान गाडी सव्वाशे-दीडशे किलोमीटर जाते. शहरातल्या माणसाचा रोजचा प्रवास तीस-चाळीस किलोमीटरांचा. म्हणजे दोन-तीन तासांचा चारा पुरे. खर्चाचा हिशेबही करून पाहू. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या घरात आणि लिटरमागे पंधरा किलोमीटर धरले, तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. घरची वीज युनिटाला आठ रुपये आणि युनिटामागे सात किलोमीटर धरले, तर सव्वा रुपयाच्या आत भागते. बाहेरच्या जलद भरणाकेंद्रावर युनिटाला पंधरा-वीस रुपये मोजले तरी दोन-तीन रुपये. घरी जेवणाऱ्याचा फायदा उघड आहे. प्रश्न इतकाच उरतो की, ज्याच्या घरी गोठाच नाही त्याने काय करावे? या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा येऊ, कारण आमच्या मते या फाईलीतील तोच कळीचा कागद आहे.

जगाचा अनुभव काय सांगतो? २०२४ साली जगात विजेच्या एक कोटी सत्तर लाखांहून अधिक मोटारी विकल्या गेल्या, म्हणजे नव्या पाच मोटारींत एकीहून अधिक. या संख्येत बाहेरून वीज भरता येणाऱ्या संकरित गाड्याही धरल्या आहेत. नॉर्वेत त्या वर्षी नव्या शंभर मोटारींत जवळजवळ एकोणनव्वद निव्वळ विजेच्या होत्या. नॉर्वे हा तेल विकून श्रीमंत झालेला देश. पण त्याची वीज पाण्याची, आणि विजेच्या गाड्यांना करांतून सूट देण्याचे त्याचे धोरण १९९० पासूनचे. तरीही रस्त्यावरील विजेच्या मोटारींची एकूण संख्या पेट्रोलच्या मोटारींहून अधिक झाली ती प्रथम सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि डिझेलच्या मोटारी तेव्हाही दोहोंहून अधिक होत्या. नवी गाडी विकली जाते त्या दिवशी जुनी गाडी मोडीत जात नाही. ती पंधरा-वीस वर्षे कोणाच्या ना कोणाच्या दारी उभी असते. ‘विक्री बदलली’ आणि ‘रस्ता बदलला’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये एका पिढीचे अंतर असते.

नॉर्वे श्रीमंत म्हणून सोडून द्यावयाचा, तर शेजारचा नेपाळ पाहा. काठमांडूत विजेच्या तीनचाकी ‘सफा टेम्पो’ १९९० च्या दशकापासून धावत आहेत. २०१५ साली सीमेवरून होणारी इंधनाची वाहतूक कित्येक महिने विस्कळीत झाली, तेव्हा दुसऱ्याच्या इंधनावर चालणाऱ्या देशाची अडचण काय असते हे घराघरांत कळले. पुढे जलविद्युत् विपुल झाली, विजेच्या गाड्यांवरील आयातशुल्क पेट्रोलच्या गाड्यांच्या मानाने पुष्कळच कमी ठेवण्यात आले, आणि आज नेपाळात येणाऱ्या चार नव्या प्रवासी मोटारींपैकी सुमारे तीन विजेच्या असतात. इथियोपियाने तर २०२४ साली पेट्रोल व डिझेलच्या मोटारींची आयातच बंद केली. तेव्हा ही केवळ धनिकांची चैन आहे, हा आक्षेप टिकत नाही.

आता स्वदेशाकडे येऊ. २०२४ साली आपल्याकडे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत विजेच्या गाड्या शंभरांत दोन-अडीच होत्या. नव्या दुचाकींत शंभरांत सुमारे सहा. आणि नव्या तीनचाकींत निम्म्याहून अधिक! पाश्चात्त्य देशांत हा बदल वरून खाली आला; आधी धनिकांची महागडी मोटार, मग सामान्यांची. आपल्याकडे तो खालून वर चढत आहे. आणि त्याचा आरंभ कोणत्याही मोठ्या योजनेने झालेला नाही. याच दिल्लीत, २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या आसपास, विजेच्या रिक्षा दिसू लागल्या. त्यांना ना परवाना होता, ना क्रमांकपट्टी, ना विमा. जुलै २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली. मार्च २०१५ मध्ये संसदेने मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून त्यांना कायद्याच्या कक्षेत आणले. कायदा आला तोवर वाहन गल्लोगल्ली पोहोचलेले होते.

मेट्रोच्या स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षाचालकाकडे क्षणभर लक्ष द्या. त्याची रिक्षा रात्री त्याच्या घरी नसते, कारण त्याचे घर एका खोलीचे असते. ती कोणा गॅरेजवाल्याच्या शेडमध्ये, इतर पन्नास रिक्षांच्या रांगेत, वायरींच्या जंजाळात उभी असते आणि तेथे तो रात्रीचे भाडे मोजतो. अनेक रिक्षांत अजूनही जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी असते. ती वर्षभर टिकली तर नशीब. बाद झालेली बॅटरी भंगारात जाते आणि तिचे शिसे कोठेतरी उघड्यावर वितळविले जाते. त्याचा विषारी अंश तेथील मुलांच्या अंगात जातो. ज्या बदलाचे आपण गुणगान करतो त्याचा सर्वांत मोठा भार आज जो माणूस वाहत आहे, त्याच्या वाट्याला त्यातील सर्वांत निकृष्ट बॅटरी आणि सर्वांत महाग वीज आली आहे. प्रस्तावाचा लाभ कोणास आणि भार कोणावर, हे तपासावयाचे ते याचसाठी.

प्रतिकूल बाजूचे चार आक्षेप नेहमी ऐकू येतात.

पहिला आक्षेप असा की, वीज कोळशाचीच असल्याने धूर केवळ जागा बदलतो. यात तथ्य आहे, पण अर्धे. आपली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजूनही कोळशापासून होते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो; म्हणजे वर धरलेल्या गाडीमागे किलोमीटरला दीडशे ग्रॅम. आपल्या देशातील एका युनिटामागे सरासरी ०.७ किलो धरला, तर विजेच्या गाडीमागे किलोमीटरला शंभर ग्रॅम. वाहिन्यांतील गळती जमेस धरता सव्वाशेच्या आसपास. बॅटरी तयार करतानाचे कर्ज वेगळे. फायदा आहे, पण आज तो डोळे दिपविणारा नाही. मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. एक म्हणजे शहराच्या गल्लीतला धूर नाहीसा होतो. दुसरी अशी की, पेट्रोलची गाडी जसजशी म्हातारी होते तसतसा तिचा धूर वाढतो, तर विजेची गाडी जुनी झाली तरी वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी तीही स्वच्छ होत जाते. जून २०२५ पर्यंत देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल आणि वायू यांखेरीजच्या साधनांची झाली. क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत अंतर असते हे खरे. पण दिशा स्पष्ट आहे.

दुसरा आक्षेप, एवढी वीज आणावयाची कोठून? थोडे गणित करू. दिल्लीत दहा लाख मोटारी विजेच्या झाल्या आणि प्रत्येक रोज तीस किलोमीटर धावली, तर त्यांना मिळून रोज सुमारे ४३ लाख युनिटे लागतील. रात्रीच्या आठ तासांत ती वाटून दिली तर भार साडेपाचशे मेगावॉटच्या आत राहतो. १९ जून २०२४ रोजी या शहराने ८६५६ मेगावॉटची मागणी नोंदविली होती. त्या मानाने हा सोळावा हिस्सा झाला. वीज कमी पडेल ही भीती अनाठायी आहे. अडेल ते गल्लीतील रोहित्र आणि चाळीस वर्षांपूर्वी घातलेली इमारतीची केबल.

तिसरा आक्षेप परावलंबनाचा. आज आपण गरजेच्या खनिज तेलापैकी शंभरांत पंचाऐंशीहून अधिक भाग आयात करतो. त्याऐवजी लिथियम, कोबाल्ट आणि चुंबकांसाठी लागणारे दुर्मीळ धातू आयात केले, तर आखातावरचे अवलंबन चीनवर गेले इतकेच, असे म्हणतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ धातू व चुंबके यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्या कारखानदारांची जी धावपळ उडाली तिने या शंकेस पुष्टी दिली. जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात लिथियमच्या खनिजाचे ५९ लाख टनांचे प्राथमिक अनुमान फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. पण अनुमान आणि प्रत्यक्ष खाण यांत पुष्कळ मजल मारावी लागते. तथापि तेल आणि धातू यांत एक मूलभूत फरक आहे. तेल एकदा जळले की संपले. धातू बॅटरी मेल्यावरही तिच्यातच राहतो आणि परत काढता येतो. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आणि आता लोह व फॉस्फेट वापरणाऱ्या, कोबाल्टची गरज नसलेल्या बॅटऱ्याही सर्रास येत आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात दुचाकींना लागलेल्या आगी आपणांस स्मरत असतील. त्यानंतर चाचण्यांचे नियमही कडक झाले.

चौथा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण सरकारी माणसाला तो प्रथम दिसतो. पेट्रोलियम क्षेत्राकडून कर, अधिभार, स्वामित्वशुल्क इत्यादी मार्गांनी केंद्र व राज्ये यांच्या तिजोरीत मिळून वर्षाला सात लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम येते. रस्ते, शाळा, निवृत्तिवेतने यांत हा पैसा आहे. आमचे मासिक वेतनही त्यातूनच निघत असेल! विजेच्या गाडीवर वस्तू व सेवा कर शंभरास पाच, आणि सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतर लहान पेट्रोल गाडीवर अठरा. जेव्हा गाड्या खरोखरच बदलतील, तेव्हा ही तूट कोठून तरी भरून काढावी लागेल. ती किलोमीटरवर बसवावी, वजनावर बसवावी की विजेवर, हा विचार आजच करावयास हवा. नाही तर श्रीमंताची गाडी करमुक्त धावेल आणि जुन्या स्कूटरवर कामाला जाणारा गरीब मनुष्य सर्व रस्त्यांचा खर्च भरील.

या आक्षेपांची उत्तरे मिळू शकतात. उरतो तो कळीचा कागद, म्हणजे गोठ्याचा प्रश्न.

आपल्या सरकारी वसाहती डोळ्यांपुढे आणा. चार मजल्यांच्या इमारती, उद्वाहन नाही, तळमजल्याच्या रहिवाशाला अंगण, आणि बाकीच्यांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला मिळेल त्या जागी. तळमजल्याचा रहिवासी खिडकीतून वायर काढून गाडी भरील. चौथ्या मजल्याच्या रहिवाशाने काय करावे? गच्चीवरून दोर सोडावा तशी वायर सोडण्याचे प्रकार होतातही, आणि ते जिवावर बेतणारे आहेत. केंद्र सरकारने २०१८ साली स्पष्ट केले की गाडी भरून देणे म्हणजे विजेची विक्री नव्हे, त्यास वेगळा परवाना लागत नाही. २०१९ साली आदर्श बांधकाम नियमांत दुरुस्ती होऊन नव्या इमारतींतील वाहनतळाच्या वीस टक्के जागेत भरणाव्यवस्था असावी असे ठरले. नव्या इमारतींचे भले झाले. जुन्या इमारतींत राहणाऱ्या बहुसंख्यांचे काय, हा प्रश्न मात्र निवासी संघटनांच्या सभांत ‘पुढील सभेत विचार व्हावा’ या शेऱ्यानिशी पडून राहतो.

दिल्लीने इंधन बदलून दाखविले आहे, हे आपण विसरता कामा नये. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बसगाड्या दाबित नैसर्गिक वायूवर आणण्याचा आदेश दिला. मुदती टळल्या, पंपांवर रात्र रात्र रांगा लागल्या, प्रवाशांचे हाल झाले; पण २००२ संपता संपता बसगाड्या वायूवर आल्या. हाल झाले ते गाड्यांची सक्ती आधी आणि वायूचे पंप मागाहून आले म्हणून. विजेच्या बाबतीत हा क्रम आपण उलटा ठेवला पाहिजे. आधी गोठा, मग बैल.

दुसरा धडा रेल्वेचा, आणि तो आपल्या मुंबईत सुरू झालेला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली. वाफेची इंजिने ब्रॉडगेजवरून गेली ती १९९५ साली. आणि ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण शंभरांत अठ्ठ्याण्णवांवर पोहोचले ते त्या पहिल्या गाडीच्या शताब्दीच्या सुमारास. बदल पूर्ण झाला. पण त्याला शतक लागले. रेल्वेला बॅटरीही वाहावी लागत नव्हती, वीज डोक्यावरच्या तारेत होती. मोटारीला शंभर वर्षे लागणार नाहीत असे आम्हांस वाटते. पण दहा वर्षांत सर्व आटोपेल असे जे सांगतात, त्यांनी हा इतिहास नजरेआड केला आहे.

आता शेरा. पेट्रोलच्या मोटारीची जागा विजेची मोटार घेऊ शकेल काय? यंत्र म्हणून, होय. आपल्या देशात ती आधी तीनचाकीत, मग दुचाकी व बसगाड्यांत आणि शेवटी खाजगी मोटारीत घेईल. दुर्गम डोंगरी भागांत, वीज बेभरवशाची असलेल्या गावांत आणि जुन्या गाड्यांच्या रूपाने पेट्रोल दीर्घ काळ टिकून राहील, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु सार्वजनिक पैसा कोठे घालावा असा प्रश्न असेल, तर आमचा शेरा असा की तो सधनाच्या दुसऱ्या मोटारीच्या किमतीत घालू नये. तो रिक्षावाल्याच्या चांगल्या बॅटरीत, बसच्या आगारात, जुन्या वसाहतींच्या केबलींत आणि रस्त्याकडेच्या भरणाखांबांत घालावा. आणि एक गोष्ट विजेच्याने होणार नाही, हेही नमूद केले पाहिजे. आश्रम चौकातील कोंडीत पेट्रोलच्या हजार गाड्यांच्या जागी विजेच्या हजार गाड्या उभ्या राहिल्या तर धूर जाईल, कोंडी तशीच राहील. त्यावर औषध मेट्रो, बस आणि चालता येईल असा पदपथ हेच.

शेवटी एक विनंती. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या वास्तूच्या डागडुजीचा विचार चालू आहे, असे कार्यवाहांनी आम्हांस सांगितले. रंगमंचाचे पडदे आणि ग्रंथालयाची कपाटे यांच्या अंदाजपत्रकात एक लहानशी बाब वाढवावी. आपल्या अंगणाच्या भिंतीलगत, स्वतंत्र मीटर असलेल्या, दोन मोटारींच्या आणि चार दुचाकींच्या भरणजोडण्या कराव्यात. ज्यांना स्वतःचे अंगण नाही अशा आसपासच्या सभासदांनी रात्री गाडी तेथे लावावी आणि वापराप्रमाणे पैसे भरावेत. दिवसा आपल्याकडे शिकवणीसाठी येणाऱ्या मुलांना घेऊन येणाऱ्या रिक्षावाल्यालाही घरगुती दरानेच वीज मिळावी. त्याच्याकडून जास्त घेऊ नये. हिशेबाची वही ठेवण्याचे काम कोणी पत्करत नसेल, तर ते करण्यास आम्ही तयार आहोत. निवृत्तीस आता फार वर्षे उरलेली नाहीत आणि वही ठेवण्याची सवय आहे.

परक्या शहरात आपल्या माणसांना बसावयास एक जागा असावी म्हणून मागल्या पिढीने हे अंगण मिळविले. त्या अंगणाचा हा आणखी एक उपयोग त्यांना आवडला असता, असे आम्हांस वाटते.